शिंकांचं कारण

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत शेजारी एक गृहस्थ राहत. त्यांना शिंका लागल्या की थांबत नसत. प्रत्येक शिंकेनंतर, समोर कुणी नसलं तरी, ते "माफ करा हं" म्हणत. कामाला निघालेली माणसं अपशकुन नको म्हणून पुन्हा घरात जाऊन टेकत.

पुढे त्यांना दमही लागू लागला, तेव्हा मी त्यांना मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. ॲलर्जीची तपासणी तेव्हा नवीनच निघाली होती. डॉक्टरांनी हातावर वेगवेगळे थेंब ठेवून सुईने टोचलं. धुळीच्या थेंबाला काहीच झालं नाही. मांजराच्या थेंबाखाली मात्र मोठी गांध उठली.

"मांजर घरात ठेवू नका," डॉक्टर म्हणाले.

त्या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. वहिनींच्या मांडीवर सदान्‌कदा मनी मांजर असे.

"काय निघालं हो?" वहिनींनी दारातच विचारलं.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "धूळ."

त्या दिवसापासून आत उकडतं म्हणून ते गॅलरीत झोपू लागले. एका सकाळी पाहतो तर मनी त्यांच्या पांघरुणात, आणि डोळे पुसत ते तिला थोपटतायत.

"अहो, हे काय?"

"काय करणार? माझ्याशिवाय आत करमत नाही हो तिला."