खाऱ्या रसातलं यीस्ट

पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी प्रयोगशाळा होती. कोकणातून वाळलेल्या समुद्री शेवाळाची पोती यायची. ते शिजवून त्यातली साखर मोकळी करायची, ती आंबवून इंधनासाठी अल्कोहोल काढायचं आणि चोथ्यातून आइस्क्रीमला, औषधांना लागणारा चिकट पदार्थ, हे माझं काम. अंगाला असा वास बसायचा की बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहायची.

साधं यीस्ट त्या खारट रसात मरायचं. हळूहळू मीठ वाढवत, वर्षभर खपून, मी त्यात तगणारं यीस्ट तयार केलं. दिवाळीलाही साताऱ्याला घरी गेले नाही. त्याला खायला कोण घालणार?

प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांनी ते परिषदेत स्वतःचं म्हणून मांडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू बाटल्या सांभाळल्यास. डोकं माझं होतं."

मी संधीची वाट पाहू लागले.

पुढे भांडवल घालणारे पाहुणे यायचे ठरले. फ्रीज स्वच्छ दिसावा म्हणून साहेबांनी शिपायाला त्यातल्या जुन्या बाटल्या ओतून टाकायला सांगितलं. माझं यीस्ट त्यांतच होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साहेब सांगतायत ना, ओता," मी म्हटलं. मोठ्या टाकीत साहेबांनी बेकरीचं यीस्ट टाकलं. त्यांच्या लेखी यीस्ट म्हणजे यीस्ट.

पाहुणे टाकीत डोकावले. रस डबक्यासारखा निपचित होता.

"काय राहिलंय गं?" साहेबांनी मला विचारलं.

"सर, डोकं तुमचं. मी बाटल्या सांभाळायचे, त्या तुम्ही ओतायला लावल्यात."

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. साहेबांच्या कपाळावरचा घाम मी डोळे भरून पाहिला.

रविवारी ते नेऱ्याला माझ्या खोलीवर आले. "तुमचं सायेब आल्यात. बशिवलंय हितं वट्यावर," घरमालकीण म्हणाली.

"एखादी बाटली उरलीय का?" त्यांचा आवाज पार उतरला होता.

"नाही," मी म्हटलं.

ते गेल्यावर घरमालकिणीनं विचारलं, "आन् माज्या फ्रीजमदी दुधामागं ठिवलीय ती?"

"ती माझी आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या तितंच."

प्रकल्प बंद पडला. साहेब साबण विकणाऱ्या कंपनीत गेले. मी बाटली घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले, आणि तिथल्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागलं. त्याची एक प्रत मी त्यांना टपालानं पाठवली.