नातवाचं न्हाणं

केडगावात कुणाच्या घरी बाळंतीण आली की पहिला निरोप मालनबाईंना जायचा. बावीस वर्षं त्यांनी लोकांची बाळं न्हाऊ घातली. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ पोटऱ्यांवर पालथं घालायचं आणि कढत पाणी असं सोडायचं, की आल्या आल्या किंचाळणारं पोर अंघोळ संपेस्तोवर डोळे मिटायचं. याच हातांवर त्यांनी लेकीला, रोहिणीला, इंजिनीयर केलं. ती लग्न करून हॉलंडला गेली. आणि आता तिचंच बाळ पाच दिवसांचं झालं, तर बाळंतपणासाठी तिथवर येऊनही मालनबाईंच्या हाताला काम नव्हतं.

तिथली रीतच तशी. बाळंतिणीच्या घरी आठ दिवस सिस्टर येते. ही निळ्या सदऱ्यातली, दाराएवढी उंच, सकाळी आठच्या ठोक्याला सायकलवरून हजर. वजन करायची, बाळाला प्लास्टिकच्या टबात बुडवून काढायची, भर डिसेंबरात खिडकी उघडायची आणि सगळं एका वहीत लिहून ठेवायची. मालनबाई पुढे झाल्या की हसून खुर्ची दाखवायची.

“आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, आई,” रोहिणी म्हणायची. “तू आराम कर ना.”

आराम! मालनबाईंनी डबे दोनदा पुसले, जावयाच्या मोज्यांच्या जोड्या लावल्या, मग पुन्हा सोडून पुन्हा लावल्या. खिडकीखाली कालव्यात बदकं पोहत होती. त्यांनाही काही ना काही उद्योग होता.

त्यात धाकट्या जावेचा, साळूबाईचा फोन. “आक्का, घातलं का नातवाला न्हाऊ?”

“घातलं की. रोज घालते.”

“न्हाई, म्हटलं गावाची पोरं न्हाली आन् घरचंच पारोसं ऱ्हायलं का काय!” साळूबाई खदखदून हसली. मालनबाईही हसल्या. फोन ठेवून त्यांनी जावयाचे मोजे परत सोडले.

निदान पाचवी तरी आपल्या हातानं पुजू, असं त्यांनी ठरवलं. पण घरात पाटा-वरवंटा नाही.

“मिक्सर चालेल का, आई?” जावई आदिनाथनं अगदी मनापासून विचारलं.

“सटवाई काय चटनी वाटायला येतीय व्हय, जावईबापू?”

शेवटी गावाहून आणलेली सुपारी मांडली. आता सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार, तर कोरा कागद नि पेन हवं. सगळी कपाटं धुंडाळली. दोघांचं काम लॅपटॉपवर, घरात कागदाचा कपटा नाही. टेबलावर सिस्टरची वही तेवढी होती, वर पेनही. मालनबाईंनी पुढचं कोरं पान उघडलं, हळदकुंकू वाहिलं, तुपाचा दिवा लावला. सकाळी पूजा उचलून वही झटकून ठेवली. पण कुंकू तुपात भिजून पानाला धरलं होतं.

सिस्टरनं वही उघडली आणि तिचं हसू गेलं. तिनं तडक बाळाचे कपडे काढले, बेंबी पाहिली, मांड्या पाहिल्या. बाळानं घर डोक्यावर घेतलं. ती रोहिणीला भराभरा काही विचारत होती.

“आई, वहीला कुंकू लावलंस? तिला रक्त वाटलं!”

“मग कुंकू हाय म्हनून सांग.”

“आणि वहीला का लावलं, ते काय सांगू?”

“घरात कोरा कागद न्हाई, ते सांग. लाज त्याची वाटाय पायजे.”

रोहिणीनं कसंबसं समजावलं. सिस्टरनं सुस्कारा सोडला, बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि त्याच पानावर लिहायला पेन टेकवलं. मालनबाईंनी पानावर पंजा ठेवला. “यावर न्हाई.”

सिस्टरनं पेन उचललं. मग पान उलटून तिनं रोहिणीला एक प्रश्न विचारला.

“काय म्हनती?”

“‘तुझी आई काय करते?’ असं विचारतेय.”

“मग सांग की.”

रोहिणी पांघरुणाची कड चुरगाळत राहिली. पाच दिवसांत हिनं हे सांगितलंच नाही, हे मालनबाईंना तेव्हा उमगलं.

“लोकांची पोरं न्हाऊ घालती, हे सांगायची लाज वाटती का तुला?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

बाळ रडतच होतं. रोहिणीनं खाली बघून दोन वाक्यं सांगितली. त्यातलं ‘मदर’, ‘बेबी’ आणि ‘ट्वेंटी टू’ एवढंच मालनबाईंना कळलं. सिस्टरनं भुवया उंचावल्या आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

मालनबाईंनी बाथरूमच्या फरशीवर बसकण मारली, साडी गुडघ्यांवर घेतली, पाय लांब केले. सिस्टरनं टबात पाणी काढून थर्मामीटर बुडवलं. मालनबाईंनी कोपर बुडवलं.

“गार हाय.” त्यांनी हात लांबवून गरम नळ सोडला. सिस्टरनं तो बंद केला.

“बस म्हणतेय, आई,” खोलीतून रोहिणी ओरडली.

“अजून एक लोटा म्हन तिला.”

“आई, ऐक ना तिचं!”

“बावीस वर्षं मला कुनी आकडा दाखवला न्हाई.”

मग सिस्टर गुडघ्यांवर बसली, बाही सारून आपलं कोपर पाण्यात घातलं, विचार केला आणि काही बोलली.

“अर्धा लोटा म्हणतेय,” रोहिणीचा आवाज आला.

“बरं. अर्धा.”

मालनबाईंनी बाळ पोटऱ्यांवर पालथं घातलं. गावाची पोरं झाली, आता नातू पायांवर होता. त्यांनी तेलाची वाटी ओढली आणि त्याच्या पाठीवर पहिला हात फिरवला.