केसांची गोळी आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा

अमिरातीतल्या अल ऐन शहरात, एका हॉस्पिटलात हार्मोनच्या तपासण्यांचा विभाग मी सांभाळते. त्यामुळे नातेवाइकांचे रिपोर्ट माझ्या फोनवर येतातच. धाकटी जाऊ दुबईला, सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. टेस्टोस्टेरॉन जवळजवळ पुरुषाइतकं. पाठोपाठ तिचाच फोन.

"वहिनी, डॉक्टर म्हणतात ओव्हरीत गाठ असू शकते. स्कॅन सांगितलाय."

"दाढी आलीय का तुला?"

"थट्टा नको हो, वहिनी."

"थट्टा नाही, विचारतेय. चेहऱ्यावर केस? आवाज घोगरा? पाळी चुकली?"

"यातलं काहीच नाही."

बाईच्या अंगात इतकं टेस्टोस्टेरॉन असलं की ते सहसा लपत नाही. माझा संशय तपासणीवरच गेला.

"औषधं कुठली घेतेस?"

"एकही नाही. फॉर्मवरही तेच लिहिलंय."

"बरं. सकाळी दात घासल्यापासून तोंडात काय काय जातं ते ओळीने सांग."

चहा, भिजवलेले बदाम, पोहे. "आणि ती केसांची गोळी. पण ते औषध थोडंच आहे? बिल्डिंगमध्ये सगळ्याच घेतात. इथल्या पाण्याने केसांचं काय होतं ते तुम्हाला माहितीय ना!"

मी डबीवरचं वाचायला लावलं. बायोटिन, केसांसाठी म्हणून विकलं जाणारं व्हिटॅमिन, आणि तेही भरपूर.

तिला समजावलं. बरीच मशिनं टेस्टोस्टेरॉन थेट मोजत नाहीत. नमुन्यात एक चमकणारं रसायन घालतात आणि ते बायोटिनच्याच हुकाने पकडून ठेवतात. नमुन्यातलं हार्मोन त्या रसायनाची जागा घेतं, म्हणून चमक कमी दिसली की हार्मोन जास्त, असा हिशोब. रक्तात गोळीचं बायोटिन असेल तर पकडायच्या जागा तेच अडवतं. चमक घटते आणि मशीन बिनदिक्कत मोठा आकडा छापतं.

"म्हणजे गाठ नाही?"

"मला तरी वाटत नाही. पण फोनवरून मला तुझी ओव्हरी दिसत नाही. तेव्हा गोळी आजपासून खलास, स्कॅनची अपॉइंटमेंट तशीच ठेव, आणि डॉक्टरांना आत्ता फोन करून ही गोळी सांग. काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं. या वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने करा म्हणावं. त्यात रेणू वजनावरून ओळखतात, बायोटिनची लुडबूड चालत नाही."

"यांना सांगू का?"

"सांग की. त्यालाही थोडी काळजी करू दे."

डॉक्टरांना पटलं. गोळी थांबवून दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट स्कॅनच्या आधी आला. तो दाखवून ती क्लिनिकमधून बाहेर पडली आणि पार्किंगमधूनच मला फोन केला.

"वहिनी, एकदम नॉर्मल. स्कॅनची गरज नाही म्हणाले. आता रडू का?"

"रड. पण गाडी सुरू करायच्या आधी."