साक्षीची पट्टी आणि ओलं फडकं

माझ्या नातवंडांनो, फोटोत आत्याच्या हातातली ती चिकटपट्टीसारखी वस्तू काय, असं तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत. परवा तिची डॉक्टरेट झाली आणि तुमचे आजोबा ही गोष्ट गावभर स्वतःच्या पद्धतीने सांगत सुटले आहेत. म्हणून खरी गोष्ट मी आत्ताच लिहून ठेवते.

ती पट्टी म्हणजे पातळ प्लॅस्टिकवर दिलेला कार्बनच्या संयुगाचा अर्धवाहक थर. तिच्यावर क्ष-किरण पडले की तिच्यातला विद्युतप्रवाह किंचित वाढतो. तो मोजला की किती किरण पडले ते कळतं. उद्या कर्करोगाच्या रुग्णाच्या अंगावर ती लावता येईल. अडचण एकच, मोजता मोजता किरण त्या पट्टीलाच झिजवतात. किती झिजवतात, हा आत्याचा विषय.

पट्ट्या ती श्रीरामपूरच्या कॉलेजात बनवायची. किरण द्यायला नगरच्या रुग्णालयात एसटीने न्यायच्या. प्रत्येक वेळी मीही सोबत जाई, स्टीलचा डबा मांडीवर घेऊन.

"आजी, लई जपताय. सोनं हाय का डब्यात?" कंडक्टरने एकदा विचारलं.

"सोनं परवडलं असतं," आत्या म्हणाली.

दर खेपेला पट्ट्या निम्म्याने मंदावून, म्हणजे निम्माच प्रवाह देत, परत येत. शेवटी तिच्या सरांनी सांगितलं, "एवढ्याशा किरणांनी मरणारी पट्टी कोण वापरणार? या महिन्यात टिकवून दाखवा, नाहीतर विषय बदला." चार वर्षांचं काम होतं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

आमच्या घरी पापड झाले की त्यातला एक वेगळ्या बरणीत ठेवायची माझ्या सासूबाईंची रीत. त्याला म्हणायचं 'साक्षी'. डब्यातले पापड बिघडले आणि साक्षीही बिघडला, तर दोष पिठाचा. साक्षी चांगला राहिला, तर दोष डब्याचा.

मी विचारलं, "तुझ्या पट्ट्यांत साक्षी कोणती?"

"आहे की. कॉलेजात खणात ठेवलीय. ठणठणीत आहे."

"अगं, घरी बसलेला साक्षीदार कसली साक्ष देणार? त्याला एसटीत बसव."

 तिने उठून ताट वाढून घेतलं.

पुढच्या खेपेला दोन पट्ट्या साक्षीला म्हणून त्याच डब्यातून नेल्या. किरणांच्या खोलीत मात्र त्यांना नेलं नाही. त्या डब्यात, माझ्याजवळ बाहेरच राहिल्या. परत येऊन मोजलं तर त्याही जवळजवळ तितक्याच मंदावलेल्या! म्हणजे बहुतेक दोष किरणांचा नव्हताच.

आत्याने डबा हातात घेतला, उलटसुलट केला. "आई, हा ओला का?"

आता कबूल करते. उन्हाने पट्ट्या तापू नयेत म्हणून मी दर खेपेला डब्याला ओलं फडकं गुंडाळत होते, आपण विड्याच्या पानांना गुंडाळतो तसं. दमट हवा झाकणाच्या फटीतून आत जाऊन पट्ट्यांचा थर बिघडवत होती. आयुष्यभर प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावणारी बाई मी, आणि फडकं ओलं आहे हे कुणाला सांगितलंच नाही!

"म्हणजे ज्या किरणांना मी चार वर्षं शिव्या घातल्या, ते किरण तू?" असं म्हणून ती खाली बसून हसायला लागली. मग मीही.

नंतर प्रत्येक पट्टीवर तिने हवाबंद आवरण चढवलं. डबा कोरडा, त्यात औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. या वेळी साक्षीच्या पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या. किरण दिलेल्या पट्ट्या थोड्याच मंदावल्या, आणि किरणांच्या दर मात्रेला सारख्याच. सारखी झीज हिशेबात धरता येते, मग मोजमाप खरं येतं. सरांनी आलेख दोनदा पाहिला आणि पेढे स्वतः मागवले. प्रबंधात एका प्रकरणाचं नाव आहे 'सहप्रवासी साक्षी-पट्टी'.

त्या साक्षीच्या पट्ट्यांतली एक माझ्या कपाटात आहे, कोरड्या बरणीत, चिठ्ठी लावून. गेल्या आठवड्यात आत्याने ती मोजली. प्रवाह पहिल्या दिवसाइतकाच आहे.