शहाऐंशी ठोके

शाहीन सिस्टर, लातूर. तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. आधी त्यांचं नाव लिहितो, मग काय झालं ते.

मी चंदगडचा. आठवीत शाळा सुटली आणि फौजेच्या फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे फिरत्या दवाखान्यात, वॉशरमन म्हणून भरती झालो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमचं युनिट निलंग्याजवळच्या माळावर तंबू ठोकून होतं. पाचला पाणी तापवायचं, सहाला चादरी उकळायच्या. घर लांब. माणसं कमी पडायला लागली तशी सुभेदार साहेबांनी मला वॉर्डच्या तंबूत पाठवलं. तिथं लातूरच्या विद्यार्थिनी मदतीला आल्या होत्या. त्या मला ‘मिलिटरी भाऊ’ म्हणायच्या. काही चुकलं तर नोकरी जाईल, ही धास्ती मला कायम.

पाचव्या दिवशी सकाळी ०९४० ला वायरलेस बोलला. “गाडी निघाली. एक लायिंग केस तयार ठेवा. फक्त एक. ओव्हर.” लायिंग केस म्हणजे झोपवून न्यायचा पेशंट. दुसरी गाडी संध्याकाळशिवाय नव्हती.

खाट चारवर कौसल्याबाई, भिंतीखाली छाती दबलेल्या. खाट पाचवर त्यांची सून सुगंधा, मांडी मोडलेली, पाऊल काळं पडत चाललेलं. मेजर साहेब म्हणाले, चारमध्ये जीव असेल तर आधी चार.

शाहीन सिस्टरचे दोन्ही हात सलाईनमध्ये अडकले होते. “भाऊ, चारची नाडी बघा जरा.”

मी मनगट धरलं, घड्याळावर मिनिटभर मोजलं. “शहाऐंशी, सिस्टर.”

“शाब्बास, डॉक्टरसाब!” हवालदार हसला. स्ट्रेचर आलं.

“आत्याबाईला न्या आधी,” सुगंधा म्हणाली. “मी हाय की.”

सिस्टर कौसल्याबाईंच्या मनगटाला नावाची चिठ्ठी बांधायला वाकल्या आणि थांबल्या. दोन बोटं मानेला लावली. पापणी उघडून टॉर्च मारला. मग साहेबांजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “सर, ह्या गेल्यात. बराच वेळ झाला.”

मेजर साहेबांनी स्वतः तपासलं. “पल्स किसने लिया?”

मी स्ट्रेचरचा दांडा धरला.

“मी बघायला सांगितलं, सर,” सिस्टर म्हणाल्या. “कसं बघायचं ते न्हाई सांगितलं. चूक माझी हाय.”

“खाट पाचला उचला,” मेजर साहेब म्हणाले.

साहेब वळले तसा सिस्टरनी माझा हात धरला. “अंगठ्यानं बघून राहिले होते न? अंगठ्याला सोताची नाडी असते. तुम्ही तुमचीच मोजली.”

मी अंगठा स्ट्रेचरच्या दांड्यावर दाबला. ठोके लागले. लाकडाला नाडी! मी परत दाबून बघितला.

“मी बी मोजली होती पहिल्या वर्षाला,” त्या म्हणाल्या. “गेलेल्या आजोबाच्या चार्टवर अठ्ठ्याहत्तर लिहिले. मॅडमनं खोडू दिलं न्हाई. म्हणल्या, राहू दे, रोज बघ.”

सुगंधाला उचलताना तिनं विचारलं, “आत्याबाई कवा येणार?”

मागच्या गाडीनं, असं मी म्हणणारच होतो. सिस्टरनी माझी बाही ओढली आणि तिच्या उशाशी बसल्या. “ताई, त्या गेल्या.”

“भाऊ तर शहाऐंशी म्हणले की!”

“मी चुकलो, ताई,” मी म्हणालो.

तिनं खाट चारकडे मान वळवली. मग म्हणाली, “त्यांचं तोंड धुतलं का?”

“धुतो आता.”

“केसात माती हाय. ती बी काढा.”

१००५ ला गाडी हलली. सिस्टरनी कौसल्याबाईंची हनुवटी पट्टीनं बांधली, बोळा भिजवला. “आजी, पाणी लावते. गार हाय बरं.”

“ऐकू येतं त्यांना?” मी विचारलं.

“कान शेवटी जातात म्हणतात. किती शेवटी, ते कुणी न्हाई सांगितलं मला. तुम्हाला काय वाटतं?”

केस धुताना मीही बोलत राहिलो. आजी, जरा मान वळवतो.

१३२० ला वायरलेस आला. “लायिंग केस पोचली. पाय राहील म्हणतात. ओव्हर.”

आता माझी पुतणी क्लाससाठी लातुरात असते. तिनं कळवलं, शाहीन सिस्टर तिथंच नर्सिंगच्या पोरींना शिकवतात. त्या तंबूत गेलेल्यांपैकी सगळ्यांची नावं मला कळली नाहीत. कौसल्याबाईंचं कळलं, ते पाठ आहे. मेजर साहेबांपुढे मी गप्प राहिलो. एकदा लातूरला येईन, सिस्टर. तुमच्या पोरींपुढे उभा राहीन आणि ते शहाऐंशी कुणी मोजले ते सांगेन.