लोखंडाला संगत लागते

सुईमास्तर आमच्या गिरणीच्या फाटकाशी आले की आधी अंगावरचं लोखंड उतरवत. छत्री कुंपणाला टेकवायची, घड्याळ काढून रुमालात बांधायचं, पट्ट्याचं बक्कल सोडून पट्टा छत्रीला गुंडाळायचा. मग खिसे. दोन आण्याचं नाणं आत चालतं, रुपयाचं चालत नाही, हे त्यांनी एकेक नाणं तपासून ठरवलं होतं. रुपया चुंबकाला चिकटतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. चपला बिनखिळ्याच्या, नुसत्या शिवलेल्या. सदऱ्याची बटणं हाडाची. आमचे हमाल म्हणत, या माणसाला चुंबकानं उचलायचं म्हटलं तर चुंबकालाच लाज वाटेल.

पनवेलला तेव्हा भाताच्या गिरण्या बऱ्याच होत्या, आणि मास्तर दर तीन महिन्यांनी त्यांतल्या बहुतेकांच्या चुंबकाची तपासणी करत. गिरणीत चुंबक कशाला, असं कुणी विचारील म्हणून सांगते. नेरे गावाकडून भाताच्या गाड्या येत. बैलांच्या खुरांना पत्र्या मारलेल्या असत आणि त्या पत्र्यांचे खिळे खळ्यात, गाडीत, पोत्यात कुठेही पडत. असा एक खिळा भाताबरोबर हलरमध्ये, म्हणजे भात सडायच्या यंत्रात गेला की ठिणगी उडते. हलरच्या मागेच तुसाची खोली. तिथली हवासुद्धा तुसानं भरलेली. म्हणून भात ज्या पन्हळीतून खाली येई तिच्या तोंडाशी मोठा लोहचुंबक बसवलेला असे. तो खिळे धरून ठेवी. त्याच्यात जोर उरला आहे की नाही हे मास्तर सांगत.

मास्तर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, इस्रायल आळीत राहणारे. सगळी हयात मुंबईच्या गोदीत होकायंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन घरी आले ते दोन मीटर घेऊन. एक पितळी डबीचं, तळहातात मावणारं. त्याला ना तार ना बॅटरी. मध्ये शून्य आणि दोन्ही बाजूंना घरं, त्यावर फिरणारा काटा. त्या काट्याला ते सुई म्हणत, त्यावरून त्यांचं नाव पडलं. दुसरं मीटर पेटीएवढं, तारेच्या टोकाला चपटी जीभ असलेलं, ते मात्र जपून वापरायचं. एका गिरणीवाल्यानं त्यांना विचारलं होतं, "मास्तर, मलाही एक मीटर घ्यायचंय. चांगलं कुठलं?" मास्तर म्हणाले, "आधी चुंबकाला काय विचारायचंय ते ठरवा. सोनाराच्या काट्यावर भाताचं पोतं ठेवलं तर काटा मोडतो. आणि पोत्याच्या काट्यावर मंगळसूत्र ठेवलं तर तो म्हणतो, काहीच नाही." गिरणीवाल्यानं मीटर घेतलं नाही. मास्तरांनाच बोलावत राहिला.

मी त्यांची शिष्या झाले ती नाइलाजानं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि सव्वीस वर्षांची मी गिरणीच्या खुर्चीत बसले. लोकांना वाटलं, पोर सहा महिन्यांत गिरणी विकील. मला हे कळलं होतं, म्हणून मी सगळंच शिकायला निघाले. मास्तरांनी मला पितळी मीटर धरायला शिकवलं. आधी बाहेर चिंचेखाली जायचं, जवळपास लोखंड नाही ना ते बघायचं आणि काटा शून्यावर आहे का पाहायचं. मग आत यायचं. चुंबक आणि मीटर यांच्यामध्ये बरोबर एक वीत लांबीचा सागाचा ठोकळा धरायचा, म्हणजे दर वेळी अंतर तेच. मीटर हळूहळू फिरवायचं आणि काटा सर्वांत जास्त जाईल तो आकडा घ्यायचा. असं तीनदा. बारा घरांच्या वर काटा गेला तर चुंबक ठीक, आठच्या खाली गेला तर गिरणी बंद. "सुमनबाई, हातोडा चिकटतो म्हणून फसू नका," ते म्हणत. "चिकटलेल्याला धरणं सोपं. लांबच्याला ओढणं कठीण. आपल्याला लांबचा खिळा हवाय."

एका गोष्टीवरून मात्र ते दर खेपेला कुरकुरत. गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा आमच्याकडे पहिल्यापासून चुंबकालाच चिकटवलेला असे. हाताशी राहतो, हरवत नाही, खुंटी लागत नाही. वडिलांची सोय ती माझी सोय. मास्तर बोटानं दाखवत म्हणायचे, "लोखंडाला संगत लागते हो. या किल्ल्या आता नुसत्या किल्ल्या राहिल्या नाहीत." मी जुडगा काढायची, त्यांची पाठ वळली की परत चिकटवायची. म्हाताऱ्या माणसाचं एक खूळ, असं मला वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमचा चुंबक सातावर आला. मास्तरांनी गिरणी बंद करायला सांगितली. मुंबईहून नवा चुंबक मागवला, तो शुक्रवारी संध्याकाळी आला आणि मिस्त्रीनं दिव्याच्या उजेडात बसवला. विकणाऱ्यानं त्याला भला मोठा पाना लटकवून दाखवला होता. मास्तर आधीच सांगून गेले होते, "उद्या शनिवार. परवा सकाळी सहाला मी हजर. तोवर इंजिनाचा पट्टा चढवू नका." शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी ते कामाला हात लावत नसत. पितळी मीटर मात्र, मला सरावाला म्हणून, आमच्याच कपाटात असे.

शनिवारी सकाळी फाटकाबाहेर नेऱ्याच्या अकरा गाड्या उभ्या होत्या. चार दिवसांपासून. बैलांची वैरण संपलेली, माणसं गाड्यांखाली झोपलेली, आणि आभाळ भरून आलेलं. भात भिजलं तर त्यांचं वर्ष गेलं. एक म्हातारा फाटकाशी येऊन आभाळाकडे बघत उभा राहिला. वडिलांना विचारायला गेले, तर त्यांनी चांगला हात उचलून माझ्याकडे बोट केलं. तू ठरव.

मी ठरवलं. मीटर काढलं. बांगड्या काचेच्याच होत्या, तरी पदराची टाचणीसुद्धा काढून ठेवली, इतकी मी शहाणी. चिंचेखाली गेले, काटा शून्यावर. आत येऊन ठोकळा धरला आणि मीटर फिरवलं. चौदा. पुन्हा चौदा. तिसऱ्यांदाही चौदा. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, त्या आनंदात गाडीवाल्यांपेक्षा माझाच वाटा मोठा होता. मास्तरांवाचून अडत नाही, हे मी सिद्ध केलं होतं. इंजिनवाल्या हसनभाईंना म्हटलं, "चालू करा."

"मास्तर तो कल आनेवाले थे, बेटी," हसनभाई म्हणाले.

"मी मोजलंय," मी म्हणाले.

दुपारपर्यंत चार गाड्या मोकळ्या झाल्या. बाळाराम तुसाच्या खोलीत फावड्यानं तूस ओढत होता. तो आमचा सर्वांत जुना माणूस, कर्नाळ्याच्या बाजूचा; माझ्या लहानपणी मला खांद्यावर बसवून गिरणी दाखवणारा.

दीडच्या सुमारास फाटकाशी मास्तर दिसले. प्रार्थनेहून परतताना त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला होता. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, हात पाठीशी बांधलेले. शनिवारचा माणूस, म्हणून ते फाटकाच्या आत आले नाहीत. मी अभिमानानं पुढे गेले.

"किती आलं?"

"चौदा. तीनदा."

"नव्या कोऱ्या चुंबकाला चौदाच?" ते म्हणाले. "झाडाखाली शून्य होतं?"

"होतं."

"आणि किल्ल्या कुठं होत्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हात आपोआप कमरेकडे गेला. जुना चुंबक निघाल्यापासून किल्ल्या हातोहात फिरत होत्या. मी झाडाखाली होते तेव्हा जुडगा बाळारामकडे होता, तो गोदाम उघडत होता. मी आत जाताना त्यानं तो मला दिला. मी कमरेला खोचला आणि मीटर पोटाशी धरून चुंबकासमोर उभी राहिले. वीस वर्षं चुंबकाला चिकटलेल्या त्या किल्ल्या. मीटरनं मोजायचं ते मोजलं होतं. निम्मं चुंबकाचं आणि निम्मं माझ्या कमरेचं.

मी किल्ल्या धरून तिथंच उभी होते. मास्तर मात्र धावत होते. साठी उलटलेला माणूस घड्याळ न काढता, खिसे न तपासता गिरणीत शिरला. "हसन, इंजिन बंद कर," ते ओरडले. हसनभाईंनी तेल तोडलं, पण ते जड चाक लगेच कुठलं थांबायला. "सुमन, पट्टा सोड. बाळाराम कुठंय?" मी तुसाच्या खोलीकडे बोट केलं आणि पट्टा सरकवायचा लाकडी दांडा धरून लोंबकळले. दांडा हलेना. मी सगळं अंग टाकलं. पट्टा सरकायला लागला त्याच वेळी हलरमध्ये कट्ट असा आवाज झाला. लहानसाच.

मग तुसाच्या खोलीच्या फटींतून पिवळा उजेड आला. मास्तरांचा हात तेव्हा दारावर होता. त्यांनी दार ओढलं, झळ बाहेर आली, आणि त्या झळीत हात घालून त्यांनी बाळारामला सदऱ्याला धरून बाहेर खेचलं. आम्ही ओली पोती टाकली, गाडीवाले बैलांच्या पाण्याच्या बादल्या घेऊन धावले. आग आतच विझली. बाळारामच्या भुवया आणि पुढचे केस गेले होते. तो खोकत होता, आणि मी तो खोकला ऐकत जमिनीवर बसले होते. खोकतोय म्हणजे आहे, एवढंच कळत होतं. मास्तरांच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

हलर उघडला तेव्हा आत पत्रीचा खिळा निघाला, वाकलेला. मिस्त्री म्हणाला, मुंबईच्या माणसानं मेलेला चुंबक दिला. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्यासाठी तो रस्ता उघडाच होता, आणि मला त्यावरून जायचं होतं हे मी लपवत नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. ते तळव्यावर खोबरेल लावून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाले, "मीटर खोटं बोललेलं नाही."

मी बाळारामजवळ गेले. म्हटलं, "चुंबक खराब होता, पण ते मला कळायला हवं होतं. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. चूक माझी आहे. तू मेला असतास."

बाळाराम आधी तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "ताई, किल्ल्या तुमच्या हातात मीच दिल्या ना. आमाला काय म्हाईत, किल्लीला पन चुंबक चढतो. आता किल्ल्यांना एक लाकडाची खुटी मारतो, फाटकापाशी. मंग नाय होनार."

मास्तर तेवढ्यानं सुटू देणार नव्हते, मला नाही आणि स्वतःलाही नाही. रविवारी सहाला हाताला फडकं बांधून आले. मला किल्ल्या बाहेर ठेवून मोजायला लावलं. सहा. मग किल्ल्या कमरेला लावून मोजायला लावलं. चौदा. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात वहीत लिहायला सांगितले. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "तुमच्या एकटीची चूक नाही. दोन वर्षं मी त्या किल्ल्या तिथं बघत होतो. बोलत होतो. उचलून फेकत नव्हतो. नुसतं बोलून आपलं काम झालं असं माणसाला वाटतं." नंतर त्यांनी सांगितलं, जुडगा लोहाराकडे नेऊन लाल होईतो तापवा, म्हणजे किल्ल्या सगळं विसरतील. पुढच्या गुरुवारी त्यांच्या घरी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं. त्यांच्यात संकटातून सुटल्यावर करतात. बाळारामला पहिल्या पंगतीत बसवलं. पोहे आमच्याच गिरणीच्या भाताचे होते.

त्यांचा उजवा हात नंतर पूर्ण उघडला नाही. पितळी मीटरचा बारीक स्क्रू बोटांना लागेना. गिरण्यांची तपासणी हळूहळू माझ्याकडे आली. मी जाई, आणि ते पाठीशी हात बांधून उभे राहत, शनिवार असल्यासारखे. मी आकडा सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला, "किल्ल्या कुठं आहेत?" मी म्हणे, "खुंटीवर." मगच आकडा वहीत जाई.

काही वर्षांनी त्यांच्या मुलानं त्यांना इस्रायलला बोलावून घेतलं. आळीतली बरीच घरं तोवर कुलपात गेली होती. निघायच्या दिवशी ते एसटीत खिडकीशी बसले आणि पितळी डबी माझ्या हातात दिली. गाडी हलली तेव्हा त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मी उत्तर ओरडून दिलं. अख्ख्या स्टँडनं माझ्याकडे वळून पाहिलं.

तिकडून त्यांची पत्रं मराठीतच येत, डाव्या हातानं लिहिलेली. शेवटच्या पत्रात तब्येतीचं काही नव्हतं. तिकडं भात मिळतं पण सडून पिशवीत बांधलेलं, त्याला वास नाही, एवढं होतं आणि खाली तोच प्रश्न. सुगीचे दिवस होते, मी उत्तराला उशीर केला. माझं कार्ड पोचलं ते मास्तर गेल्यानंतर आठ दिवसांनी, असं मुलानं कळवलं. त्याला त्या कार्डाचा अर्थ लागला नव्हता. त्यावर एकच शब्द होता.

गिरणी आता नाही. खुंटी मी काढून घरी आणली, बाळारामनं खैराची केलेली, वाकडी. जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या मी तेव्हा लोहाराकडून तापवून घेतल्या होत्या, एक सोडून. ती मुद्दाम मागे ठेवली. दिवाळीनंतर एकदा मी अंगणात जाते, आजूबाजूला लोखंड नाही ना ते बघते, काटा शून्यावर आहे हे पाहते आणि मग ती किल्ली मीटरजवळ आणते. काटा अजून हलतो. त्या किल्लीनं विसरू नये असं मला वाटतं. आत येऊन मी ती खुंटीवर टांगते आणि, घरात कुणी नसलं तर, उत्तर मोठ्यानं देते.