बस्सताई

आयसीयूत सगळे दबक्या आवाजात बोलतात. बस्सताईंचं हसू मात्र काचेच्या दारातून आधी आत यायचं, मग ताई. लातूरच्या आमच्या दवाखान्यात त्या फार्मासिस्ट होत्या, मी नर्स. ताईंचं माहेर देवणीकडचं, आवाज मोकळ्या रानातला.

रोज डॉक्टरांबरोबर राउंडला यायच्या आणि खाटेशी थांबून विचारायच्या, "हे अँटिबायोटिक अजून कशाला चालू हाय? बस्स करा की सर." त्यावरून नाव पडलं. डॉक्टर कधी ऐकायचे, कधी त्यांचं म्हणणं खोडून काढायचे. हरल्या की ताईच जास्त हसायच्या. "आजचा दिवस तुमचा सर, उद्या बघते."

एकदा चाकूरचे एक गुरुजी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होते. भारीतलं अँटिबायोटिक चालू होतं. मग तपासणीचा रिपोर्ट आला, त्यांच्या जंतूंवर जुनं, साधं इंजेक्शनच पुरणार होतं. डॉक्टर आणि ताईंनी मिळून औषध बदललं. गुरुजींचा मुलगा खवळला. "आमच्या वडिलांना हलकं औषध?"

"दादा, वावरात शेळी शिरली तर जेसीबी बोलावता का?" ताई म्हणाल्या. "शेळी जाईल, पण पीकबी जाईल. आन भारी औषध उगा वापरलं, तर खऱ्या गरजेला जंतू त्याला जुमानत न्हाईत."

रागातही तो हसला.

दुपारी गुरुजींचा ताप पुन्हा चढला. ताई दर तासाला येऊन ताप बघून जात होत्या. त्यांचा डबा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट पक्का आहे. उद्यापर्यंत धीर धरू."

सकाळी ताप उतरला. पुढं श्वासाची नळी निघाली, आणि गुरुजींनी घोगऱ्या आवाजात पहिलं विचारलं, "च्या भेटल का?" ताईंनी मला पॅसेजमध्ये ओढून असं गरकन फिरवलं, की सलाइनचा स्टँड पडता पडता वाचला.

मग ताईंच्या यजमानांची नांदेडला बदली झाली. आम्ही ताईंना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी निघाली तरी ताईंचं खिडकीतून चालूच, "कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजीचा रिपोर्ट आला की सरांना विचारा, औषधाची गरज हाय का अजून." कंडक्टरनं गाडी थांबवली. "बाई, सांगून घ्या एकदाचं."

संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आजींचं अँटिबायोटिक थांबवलं. मी फोन लावला तेव्हा ताईंची गाडी अहमदपूरच्या पुढे गेली होती. "आजीचं बंद झालं," मी सांगितलं. ताईंनी ते अख्ख्या गाडीला ओरडून सांगितलं. टाळ्या ऐकू आल्या. मग एक म्हातारा आवाज विचारू लागला, "पर बाई, काय बंद झालं?"

ताई त्याला पहिल्यापासून समजावून सांगू लागल्या. नांदेड यायला अजून पुष्कळ अवकाश होता.